सोसायटीच्या एसटीपीला 'नॅनो' प्लांट लावावा का? जाणकारांनी सांगा

नळदमयंती

मंडळी, रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे आणि त्याआधी एका गोष्टीचा छडा लावायचा आहे.

कांदिवली पूर्वेला आमची दोन टॉवरची सोसायटी. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. बिल्डरने ताबा देताना तळघरात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बसवून दिला, त्यात रोज ९० हजार लिटरच्या आसपास सांडपाणी जातं. आधी एमबीबीआर (हवा दिलेली टाकी, तिच्यात प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढलेले जिवाणू घाण खातात), मग वाळूचा फिल्टर, मग कार्बन आणि शेवटी यूएफ (बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनची, म्हणजे पडद्याची गाळणी). तिथून पाणी फ्लशच्या टाकीत आणि बागेला. गेल्या पावसाळ्यापासून हे पाणी पिवळट येतंय आणि वास मारतोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी लोक कमोडचे फोटो टाकतात. गुड मॉर्निंगची फुलं परवडली.

तर एक व्हेंडर येऊन गेला. त्याचं म्हणणं, जुनं यूएफ काढा आणि 'ग्राफीन नॅनो मेम्ब्रेन' लावा. त्याच्यापुढे 'नॅनो फोटोकॅटॅलिस्ट'ची (प्रकाशात घाण मोडणाऱ्या पुडीची) टाकी, आत यूव्ही दिवे. प्रदूषक मुळापासून नष्ट. गाळ नाही, केमिकल नाही, मेम्ब्रेनकडे दहा वर्षं बघायला नको. साडेअठरा लाख अधिक जीएसटी. ऑफिसात प्रात्यक्षिकही दिलं. बीकरमध्ये निळं पाणी, त्यात चिमूटभर पांढरी पूड, वर दिवा. आमचा चहा होईपर्यंत निळा रंग गायब. खजिनदारकाका तिथेच चेकबुक काढायला निघाले होते.

मी कॉमर्सची. यात खरं किती आणि हवेतलं किती, कोणी सांगेल का?

वैतरणा

वाचनखूण साठवली. आमच्याकडे बोरिवलीला हाच, किंवा याचा जुळा भाऊ येऊन गेला. आम्हाला बावीस लाख सांगितले होते, तुम्हाला स्वस्तात पडतंय :)

मिसळीतलं_फरसाण

नॅनो म्हटलं की मला ती लाखाची गाडीच आठवते. असो. जाणकार येतीलच.

मेम्ब्रेनवाला

ताई, आधी एक काम करा. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन पलीकडे पेपर धरा. अक्षरं स्वच्छ वाचता येत असतील आणि तरीही रंग पिवळा दिसत असेल, तर तो रंग पाण्यात विरघळलेला आहे. विरघळलेली गोष्ट यूएफ अडवत नाही. जुनं असो, नवं असो, ग्राफीनचं असो.

यूएफच्या तंतूंची छिद्रं साधारण २० ते ४० नॅनोमीटरची. जिवाणू हजार नॅनोमीटरच्या घरातला, तो अडकतो. गढूळपणा अडकतो. पण रंग देणारे ह्युमिक रेणू जेमतेम काही नॅनोमीटरचे. अमोनिया आणि वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड तर त्याहून कितीतरी लहान. हे सगळे आरामात पलीकडे जातात. त्यांची सोय मेम्ब्रेनच्या आधी व्हायला हवी, म्हणजे एमबीबीआरमध्ये हवा देऊन आणि उरलंसुरलं कार्बनवर. तुमचा कार्बन शेवटचा कधी बदलला? आणि ती हवा देणारा ब्लोअर चोवीस तास चालतो का? ऑपरेटरला विचारू नका, लॉगबुक बघा. लॉगबुकवरही विश्वास नसेल तर रात्री दोन वाजता खाली जाऊन या.

आता नॅनोबद्दल. हा शब्द ऐकून बिचकू नका आणि भुलूही नका. घरोघरच्या आरओत जी मेम्ब्रेन असते तिचा मीठ अडवणारा थर १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा असतो. पॉलिअमाइडचा. खाली पॉलिसल्फोनची सच्छिद्र गादी, तिच्याखाली पॉलिएस्टरचं कापड, म्हणजे काम सगळं वरच्या सायीचं आणि बाकीचा नुसता आधार. १९६० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब आणि सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटची पहिली कामाची मेम्ब्रेन केली. यातले सौरीराजन आपल्याकडचे. पुढे सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी दोन द्रव एकमेकांना भेटतात तिथेच हा पॉलिअमाइडचा पापुद्रा जमवायची युक्ती काढली. आज जगातल्या बहुतेक आरओ त्याच युक्तीवर चालतात. तेव्हा नॅनो थर विकणं यात काही नवल नाही. नवल आहे ते 'नॅनोकण घातलेली मेम्ब्रेन' या प्रकारात, आणि तेही खोटं नाही. २००७ साली त्याच कॅलिफोर्नियाच्या लोकांनी पॉलिअमाइडमध्ये झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे नॅनोकण मिसळले, पाणी जास्त जायला लागलं. त्यातून नॅनोएचटूओ नावाची कंपनी निघाली, २०१४ मध्ये ती एलजी केमने घेतली. हा माल खरोखर बाजारात आहे आणि समुद्राच्या पाण्याच्या प्लांटांत लागतो.

पण तो आरओचा माल. तुम्हाला फ्लशसाठी आरओ कशाला हवाय?

पवईचा_पीएचडी

मेम्ब्रेनवाल्या काकांशी सहमत. ग्राफीनबद्दल (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा) थोडी भर घालतो, कारण माझा एक सहकारी त्यावरच डोकं फोडतोय.

२०१२ मध्ये मँचेस्टरला राहुल नायर (मूळचे केरळचे) आणि आंद्रे गाइम यांच्या गटाने दाखवलं की ग्राफीन ऑक्साइडच्या पातळ पत्र्यांच्या थप्पीतून हेलियमसारखा वायूही जात नाही, पाण्याची वाफ मात्र विनाअडथळा जाते. जगभर खळबळ उडाली. नंतर गोची लक्षात आली. ही थप्पी पाण्यात बुडवली की फुगते. कोरडी असताना दोन थरांतलं अंतर नॅनोमीटरपेक्षा कमी, ओली झाली की ते नॅनोमीटरच्या पुढे जातं आणि मिठाचे आयन आपला पाण्याचा लवाजमा घेऊन सरळ आत घुसतात. २०१७ मध्ये त्याच गटाने थप्पीच्या बाजू इपॉक्सीत जखडून फुगणं रोखलं, मीठही बऱ्यापैकी अडलं. पण ते नखाएवढ्या तुकड्यावर. रोजच्या ९० हजार लिटरला लागणारं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, न फाटता, न सुटता, ही निराळीच लढाई आहे.

तुमचा व्हेंडर बहुधा साध्या पीव्हीडीएफ प्लास्टिकच्या यूएफ तंतूंत थोडं ग्राफीन ऑक्साइड मिसळलेला किंवा वरून लेप दिलेला माल विकतोय. तसं करता येतं. पृष्ठभाग जरा पाणीप्रेमी होतो, चिकटा कमी धरतो. त्याला 'ग्राफीन मेम्ब्रेन' म्हणणं म्हणजे केशराच्या दोन काड्या टाकून 'केशर' म्हणून विकण्यातला प्रकार. लेप किती दिवस टिकतो, त्याचं पाणी गाळण्याशिवाय आणखी काय काम, हे लेखी मागा.

निळ्या पाण्याबद्दल रात्री लिहितो, गाइड बोलावतायत.

निवृत्त रंगारी

निळ्या पाण्याबद्दल मीच लिहितो. आयुष्य डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात गेलं.

ते निळं पाणी म्हणजे मिथिलीन ब्लू. दुसरं काही वापरतच नाहीत हे लोक. लिटरमध्ये चार-पाच मिलीग्रॅम घातलं तरी डोळ्यांत भरतं, त्यामुळे गेल्यावर लगेच टाळ्या पडतात. पण रंग जाणं म्हणजे रेणू जाणं नव्हे. पहिली गोष्ट, पूड स्वतः रंग धरून बसते. पूड खाली बसल्यावर तिच्याकडे बघा, निळसर झाली असेल तर रंग मोडला नाही, नुसता पुडीवर जाऊन बसला. दुसरी गोष्ट, मिथिलीन ब्लूला एक बिनरंगाचं रूप आहे. दिव्याखाली टायटॅनियम डायऑक्साइडची ती पांढरी पूड त्याला त्या रूपात ढकलू शकते. बीकर उघडा ठेवून ढवळला, हवा लागली की काही वेळाने निळाई परत येऊ शकते. तिसरी गोष्ट, रंग स्वतःच प्रकाश शोषतो आणि स्वतःच्या नाशाला मदत करतो. तुमच्या सांडपाण्यातल्या साबणाला आणि युरियाला ती सवय नाही.

प्रात्यक्षिक परत मागवा. मात्र या वेळी तुमच्याच एसटीपीचं पाणी बीकरमध्ये घाला आणि आधीचा-नंतरचा सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोडायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा, प्रयोगशाळेतून काढून आणा. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) झाला तर उत्तमच.

नळदमयंती

काका, पूड निळसर झाली होती! मला वाटलं तशीच असते. खूप धन्यवाद.

ग्लासची चाचणी केली. अक्षरं स्पष्ट वाचता येतात, पाणी पिवळं. वास आहेच. लॉगबुकात ब्लोअर चोवीस तास चालू असल्याची नोंद आहे. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात.

पार्लेबिस्किट

माझा थोडा वेगळा प्रश्न, धागा भरकटत असेल तर सांगा. आमच्याकडे पालिकेचंच पाणी येतं, माझ्या मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० च्या आसपास. परवा एक मुलगा घरी आला, दोन ग्लासांत वीजेच्या सळ्या बुडवल्या. आमच्या नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ वर आला, त्याच्या आरओच्या पाण्यात काहीच नाही. सासूबाई तेव्हापासून नळाचं पाणी भांडी घासायलाही वापरायला तयार नाहीत. त्याचा फिल्टर 'नॅनो सिल्व्हर'वाला आहे.

मेम्ब्रेनवाला

सासूबाईंना सांगा, तो गाळ पाण्यातला नाही, सळीतला आहे. एक सळी लोखंडाची असते. वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा हायड्रॉक्साइड तरंगतो. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, वीज वाहत नाही, गाळ येत नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालून त्याच सळ्या बुडवायला सांगा आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघा.

६० टीडीएसला आरओ कशाला हवा, मला कळत नाही. भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी ही सगळी पावसाच्या पाण्याची तळी, ते मुळातच मऊ पाणी. बहुतेक भांडुपला आणि पांजरापूरला शुद्ध होऊन येतं. घोळ झालाच तर वाटेतल्या जुन्या पाइपात किंवा तुमच्या गच्चीवरच्या टाकीत होतो, आणि तो घोळ जिवाणूंचा असतो, क्षारांचा नसतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको असं म्हटलं होतं, आणि जिथे वापरायचा तिथे निदान ६० टक्के पाणी हाती लागलं पाहिजे असंही. घरगुती मशीनं त्याच्या जवळपासही नव्हती, एक ग्लास मिळायला तीन ग्लास मोरीत.

भाभा अणुसंशोधन केंद्राची पॉलिसल्फोन यूएफची कांडी आहे, ट्रॉम्बेची. त्यांनी तंत्रज्ञान बाहेरच्या उत्पादकांना दिलंय. वीज लागत नाही, जिवाणू आणि गढूळपणा अडवते. तुमच्या पाण्याला तेवढं पुरे.

पवईचा_पीएचडी

चांदीबद्दल: नॅनो सिल्व्हर ही थाप नाही. चांदीचे बारीक कण पाण्यात हळूहळू चांदीचे आयन सोडतात आणि ते जिवाणूंना मारतात. २००९ च्या डिसेंबरात टाटांनी 'स्वच्छ' आणला, त्यात भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण होते, वीज नको, नळाचा दाब नको. एका बल्बमध्ये ३,००० लिटर. हे आपल्याकडचं नॅनोचं घरगुती उदाहरण.

पण त्यात गोम आहे. चांदी सुटते म्हणूनच काम करते, आणि सुटते म्हणून संपते. 'कायमस्वरूपी नॅनो सिल्व्हर' म्हणणाऱ्याला विचारा, संपणार नसेल तर जिवाणू मरतात कशाने? आणि भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात चांदीला मर्यादाही आहे, लिटरमागे ०.१ मिलीग्रॅम.

आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांचं काम मात्र वाचण्यासारखं आहे. त्यांनी आधी चांदीच्या नॅनोकणांनी पाण्यातली कीटकनाशकं काढली, ते फिल्टर बाजारातही आले. मग 'अमृत', म्हणजे लोहाचा एक नॅनो-ऑक्सिहायड्रॉक्साइड, कायटोसान या जैविक पदार्थाच्या जाळ्यात धरलेला, आर्सेनिक पकडायला. इथे नॅनोचा खरा उपयोग दिसतो. कण लहान, म्हणून पृष्ठभाग अफाट, म्हणून लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असलेलं आर्सेनिकही सापडतं. आणि कण जाळ्यात बांधलेले, त्यामुळे पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. मात्र हेही पकडणंच झालं. आर्सेनिक मूलद्रव्य आहे, ते मोडणार कसं? भरलेल्या गाळणीचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

खाडीपलीकडचा

आता सगळे जमलेच आहेत तर विचारतो. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प पालिकेने काढलाय, रोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी. पेपरात वाचलं होतं की ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब यांतून पाणी शंभरपट वेगाने जातं. मग हीच मेम्ब्रेन मनोरीला लावली तर वीजबिल शंभराव्या हिश्श्यावर येईल ना? पालिका जुन्या तंत्राच्या मागे का?

मेम्ब्रेनवाला

नाही येणार, आणि हे बहुतेक बातम्यांत सांगत नाहीत.

अरबी समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार. नुसता त्यांचा परासरण दाब, म्हणजे क्षार पाण्याला धरून ठेवतात तो जोर, २७ बारच्या घरात. तेवढ्याने थेंबही येत नाही, त्याच्या वर ढकलावं लागतं. निम्मं पाणी गोडं करून काढलं की उरलेल्यात क्षार दुप्पट होतात, दाबही दुप्पट, ५० बारच्या वर. म्हणजे शेवटच्या टोकाला पंपाला त्याहून जास्त दाब द्यावाच लागतो. हा दाब पाण्यातल्या मिठाचा आहे, मेम्ब्रेनचा नाही. मेम्ब्रेन उद्या हवेची झाली तरी तो कमी होणार नाही. हिशोबाने असं निम्मं पाणी काढताना घनमीटरमागे (हजार लिटरमागे) कमीत कमी १.०६ युनिट वीज लागतेच. येल विद्यापीठाच्या एलिमेलेक यांनी २०११ मध्ये हा आकडा मांडून 'भन्नाट वेगवान मेम्ब्रेन'वाल्यांच्या फुग्याला टाचणी लावली. चांगले प्लांट आज पंपापासून पूर्वप्रक्रियेपर्यंत सगळं धरून ३ ते ४ युनिटांवर चालतात.

मनोरीचे २० कोटी लिटर म्हणजे दोन लाख घनमीटर. साडेतीनने गुणा, रोज सात लाख युनिट. त्यातली बचत व्हायची तर पूर्वप्रक्रिया चांगली करून, मेम्ब्रेनवर शेवाळ आणि चिकटा कमी बसवून होईल. तिथे नॅनोला वाव आहे, वेगासाठी नाही. क्लोरीन सहन करणारी मेम्ब्रेन कोणी काढली तर मी पेढे वाटेन. पॉलिअमाइडला क्लोरीन चालत नाही. म्हणून आधी क्लोरीन टाकून जंतू मारायचे, मग मेम्ब्रेनच्या तोंडाशी रसायन घालून तो क्लोरीन मारायचा, आणि मग क्लोरीनविना मेम्ब्रेनवर पुन्हा जंतूंची वसाहत. हे दुष्टचक्र आम्ही रोज जगतो.

कधी वापरून झालेलं मॉड्यूल उघडून बघा. फायबरग्लासचं कवच करवतीने कापायचं, आतली गुंडाळी उलगडायची. कागदी पिवळी असते ती पहिल्या हातभर लांबीत तपकिरी झालेली, जाळीच्या चौकटीचौकटीत बुळबुळीत साय, बोटाने ओढली तर निघते, वास कुजक्या चिखलाचा. पुढच्या टोकाला गेलात तर बुळबुळ कमी आणि पांढरी खरखर, ते क्षार. म्हणजे एकाच मेम्ब्रेनला दोन टोकांना दोन वेगळे आजार. हे बघितल्यावर छिद्राच्या आकारावर वाद घालणाऱ्यांचं हसू येतं.

खाडीपलीकडचा

जबरदस्त. सात लाख युनिटवर वेगळा धागा काढला पाहिजे.

पवईचा_पीएचडी

आता फोटोकॅटॅलिस्ट. रंगारीकाकांनी प्रात्यक्षिकाची हवा काढलीच आहे, पण विषय म्हणून माझं पोट त्यावर चालतं, तेव्हा बाजूही मांडतो.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडला तर पाणी फुटतं. तिथून ही सगळी वंशावळ. प्रकाशाने कणात इलेक्ट्रॉन उडतो, मागे खड्डा राहतो, त्या खड्ड्याशी पाणी भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा रॅडिकल भयंकर आक्रमक, बहुतेक सेंद्रिय रेणूंचे तुकडे करत करत शेवटी कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतो. औषधांचे अंश, कीटकनाशकं, जे एसटीपीतल्या जिवाणूंच्या पचनी पडत नाही, ते हा मोडतो. हे खरं आहे.

अडचणी तीन. टायटॅनियमला ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, म्हणजे यूव्ही. उन्हात त्याचा वाटा पाचेक टक्के, म्हणून दिवे लावायचे आणि वीजबिल भरायचं. कार्बन नायट्राइडसारखे पदार्थ दिसणाऱ्या प्रकाशात चालतात, माझं काम त्यावरच आहे, पण त्यांचा वेग अजून मंद. दुसरी अडचण, रॅडिकलला निवड नाही. समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. सांडपाण्यात बायकार्बोनेट आणि साधी सेंद्रिय घाण भरपूर, बहुतेक रॅडिकल तिथेच खर्च होतात. तिसरी, पूड परत मिळवायची कशी? पाण्यात मिसळली तर गाळायला आणखी एक मेम्ब्रेन लागते. काचेवर चिकटवली तर पाण्याला काचेपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून कॅटॅलिटिक सिरॅमिक मेम्ब्रेनवर जगभर काम चाललंय, गाळणं आणि मोडणं एकाच ठिकाणी. सिरॅमिक अशासाठी की प्लास्टिकच्या मेम्ब्रेनवर उत्प्रेरक बसवून दिवा लावला तर रॅडिकल आधी मेम्ब्रेनच खायला घेतात.

म्हणजे ताई, तुमच्या पाण्यात आधी जैविक घाण पूर्ण गेलेली हवी, तरच या टाकीला अर्थ. आणि तेवढं स्वच्छ पाणी झालं तर फ्लशसाठी टाकीची गरजच नाही.

निवृत्त रंगारी

पीएचडी, छान लिहिलंस. पण एक विचारतो. रॅडिकलच हवा असेल तर यूव्ही आणि नॅनो कशाला? फेंटन साहेबांनी १८९४ मध्येच सांगून ठेवलंय. आम्ही एच ॲसिडच्या (रंग बनवायचा कच्चा माल) पाण्यावर हेच करायचो. त्या पाण्यात कुठलाही जिवाणू जगत नाही. गंधकाम्ल टाकून पीएच तीनवर आणायचा, हिराकस घालायचं, मग हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचा. घाईने सोडला की टाकी फसफसून वर येते. काळपट पाणी बघता बघता उतरायचं. मग चुना टाकून पीएच वर, गेरूच्या रंगाचा लगदा खाली, तो फिल्टर प्रेसमधून वड्या करून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे. नवीन पोरं पेरॉक्साइड उरलेला असतानाच सीओडी लावायची आणि आकडा वाढलेला बघून घाबरायची. उरलेला पेरॉक्साइड सीओडीत मोजला जातो, आधी तो घालवावा लागतो.

गाळ होतो, मान्य. पण रसायनं वसई-भिवंडीत गोणीने मिळतात. तुमचा कार्बन नायट्राइड मिळतो का?

पवईचा_पीएचडी

काका, नाही मिळत :) आणि एच ॲसिडसाठी मीही फेंटनच सांगेन. पण तो लगदा ट्रकने तळोज्याला जातो म्हणजे प्रश्न फक्त गाव बदलतो. नॅनो लोह, म्हणजे शून्य संयुजेचं, धातुरूपातलं लोह, लीहाय विद्यापीठाच्या वेइ-शियान झांग यांनी १९९७ पासून गाजवलं. ते भूजलात सोडून क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट जागच्या जागी मोडतात, अमेरिकेत प्रत्यक्ष जागांवर वापरलंय. उपसा नाही, लगदा नाही.

निवृत्त रंगारी

भूजलात ठीक. रंगाच्या पाण्यात तेच नॅनो लोह टाकलंस तर रंगातला ॲझो बंध (दोन नायट्रोजनांचा जोड) तुटतो, पाणी पांढरं होतं, सगळे खूश. आणि उरतात ॲरोमॅटिक अमाइन, त्यातली काही मूळ रंगापेक्षा विषारी. रंग गेला की इन्स्पेक्टर पण जातो, ही खरी भानगड आहे. तळोज्याला २०१७ साली कुत्री निळी झाली म्हणून देशभर बातमी झाली. ती निळी झाली नसती तर कोणी विचारलंही नसतं.

पवईचा_पीएचडी

हे मान्य. लोहाने आधी बंध तोडायचा, मग रॅडिकलने किंवा जिवाणूंनी अमाइन संपवायची, असं दोन टप्प्यांत करतात. एकाच टप्प्यावर थांबून पांढरं पाणी दाखवणं ही फसवणूकच.

माटुंगेकर

उशिरा आलो. गाळ नको, पूड नको असेल तर कॅव्हिटेशन विसरू नका. आमच्या आयसीटीत (माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था) प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी यावर बरंच काम केलंय. पाणी अरुंद छिद्रातून जोरात सोडायचं, बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, फुटताना इवल्याशा जागेत हजारो अंश तापमान, तिथेच रॅडिकल. उत्प्रेरक लागतोच असं नाही. पंपाचं बिल मात्र बघावं लागतं. पेरॉक्साइड किंवा ओझोन जोडीला दिला तर परवडायला लागतं.

मिसळीतलं_फरसाण

कमोडच्या फोटोपासून हजारो अंशांपर्यंत. म्हणून मी इथे येतो.

नळदमयंती

सभेनंतर लिहायला वेळ झाला, माफ करा. घडलं ते सांगते.

शुक्रवारी रात्री मी आणि खजिनदारकाका तळघरात उतरलो. ब्लोअर बंद. ऑपरेटर म्हणाला, पहिल्या मजल्यावरच्या एका काकांना घरघर ऐकून झोप येत नाही, त्यांनी त्याला रात्री बंद ठेवायला सांगितलंय, दिवाळीला पाकीटही देतात. अकरा ते सहा बंद. टाकीतल्या प्लास्टिकच्या चकत्या वर थर करून निवांत पडल्या होत्या, वास डोळ्यांत झोंबत होता. कार्बन ताबा मिळाल्यापासून बदललेलाच नाही, बिलच सापडत नाही.

व्हेंडरला रंगारीकाकांची अट घातली: आमचं पाणी, आमची प्रयोगशाळा, आधीचा आणि नंतरचा सीओडी, आणि मेम्ब्रेनची दहा वर्षांची हमी कंपनीच्या लेटरहेडवर. तो म्हणाला, टीमशी बोलून कळवतो. अजून टीम सापडलेली नाही.

सभेत ठरलं ते असं. ब्लोअरला आवाज रोखणारी पेटी आणि खाली रबरी पाद, कार्बन नवा, फ्लशच्या टाकीत हायपोचा (क्लोरीनवालं जंतुनाशक) डोस नियमित, आणि यूएफची दोन मॉड्यूलं बदलायची कारण त्यांचे तंतू तुटलेत असं सर्व्हिसवाल्याने हवा सोडून, बुडबुडे दाखवून सिद्ध केलं. सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आत. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी एकट्याने विरोधात हात वर केला.

वैतरणा

बोरिवलीची सभा पुढच्या महिन्यात. रात्री तळघरात कोण उतरणार हाच प्रश्न आहे.

मेम्ब्रेनवाला

छान. हायपो जास्त टाकू नका, यूएफला चालतो पण बागेतल्या झाडांना नाही. आणि ती जुनी मॉड्यूलं भंगारात देऊ नका, मला कापून बघायची आहेत. पीएचडी, तुला यायचंय का?

पवईचा_पीएचडी

येतो. तंतूंचे तुकडे मायक्रोस्कोपखाली घालता येतील. करवत तुमच्याकडची आणा, आमच्या लॅबमधली देत नाहीत.

नळदमयंती

शनिवारी सकाळी या. गेटवर सांगून ठेवते. फक्त आमच्या ग्रुपवर फोटो टाकू नका.